तेराव्या किलोमीटरला कोलशेत

टिटवाळा
२२ सप्टेंबर २०२४

महिपत,

अक्षर ओळखलं असशीलच. पत्ता वर्कशॉपमधल्या धोंडीबानं दिला. रिटायर होऊनही तो रोज डेपोत जाऊन बसतो आणि आपल्यातला कोण कुठे गेला याची वही ठेवतो. तुझा फोन नंबरही देत होता, मी घेतला नाही. फोनवर माझा आवाज ऐकलास की ठेवून देशील. पत्र आलं तर निदान कोणाचं म्हणून उलटून बघशील.

एक विचारायचं होतं. बारा वर्षं मी गाडी चालवली आणि तू माझ्या मागे कंडक्टर म्हणून उभा होतास. ठाणे स्टेशन ते कोलशेत, कोलशेत ते ठाणे स्टेशन. मी बसलेला, तू सारखा पुढून मागे आणि मागून पुढे. दिवसाला किती चालणं होत असेल तुझं? परवा अंदाज काढला तर सहा-सात किलोमीटर आले, तेही हलत्या गाडीत, माणसांच्या मधून. पाय दुखायचे का? कुठे दुखायचे, टाचेत की पोटरीत? दुखत असतील तर तू कधी बोलला नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही. हे मला आत्ता विचित्र वाटतंय.

आत्ताच का, तर मी पळायला लागलोय. हस. मे महिन्यात मला साठ पूर्ण झाली.

सुनेमुळे झालं हे. सर्वेशचं लग्न झालं दोन वर्षांपूर्वी. तुला पत्रिका पाठवली नव्हती, हात धजला नाही. सुनेचं नाव शिवानी. ठाण्यात लॅबमध्ये कामाला आहे, आणि कामावर जायच्या आधी पहाटे पळते. जानेवारीत एकदा दोघं बाइकवाले तिच्या मागे लागले, पार गोवेली रोडपर्यंत. घरी आली तेव्हा ओठ पांढरे पडलेले. सर्वेश म्हणाला, पळणं बंद कर. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बुटाच्या नाड्या बांधायला बसली. मग मीच म्हणालो, मी येतो सोबत.

पहिल्या दिवशी मी चालत होतो. ती बघता बघता लांब गेली. सोबतीला आलेला माणूस दिसेनासा झाला तर उपयोग काय, म्हणून एका विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळालो. तिथे वाकून उभा राहिलो तर छाती अशी धडधडत होती की मला वाटलं झालं. पण गंमत सांगू? भीतीपेक्षा मला नवलच जास्त वाटलं. एवढी वर्षं हे इंजिन माझ्यात होतं आणि मी त्याचा आवाजसुद्धा ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन खांब करून बघितले.

आता दहा किलोमीटर जातो, सावकाश. दोन फेब्रुवारीला ठाण्यात स्पर्धा आहे, एकवीस किलोमीटरची. शिवानीनं माझं नाव घालून टाकलंय.

कोलशेतच्या त्या दुपारबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही. तेवढ्यासाठी लिहिलं असं तुला वाटायला नको.

हौसावहिनींना नमस्कार.

कुंडलिक

टिटवाळा
२० ऑक्टोबर २०२४

महिपत,

उत्तर येईल असं धरलं नव्हतं, त्यामुळे न आल्याचं काही नाही. मी आपला लिहितो.

गोवेली रोडवर एक चढ आहे. गाडीतून गेलास तर तुला कळणारही नाही. मी कित्येकदा गेलोय तिथून, मला माहीतच नव्हता. पायाला मात्र पहिल्या दिवशी कळला. मग मला वाटायला लागलं, ठाण्याच्या रस्त्यावर असे किती चढ असतील जे मला बारा वर्षांत कळले नाहीत? तुला कळायचे का? उभ्या माणसाला तोल सांभाळावा लागतो, म्हणजे कळत असणार. स्टेशनहून कापूरबावडीला येईपर्यंत तू एका ठराविक ठिकाणी दांडा धरायचास, ते मला आरशात दिसायचं. तिथे चढ आहे का?

माझा डावा गुडघा दुखतो. शिवानीनं तिच्या ओळखीच्या एका फिजिओथेरपीवाल्या मुलीला दाखवलं. तिनं विचारलं, काय काम करायचात? म्हटलं, बस चालवायचो. ती म्हणाली, मग बरोबर, क्लचचा पाय. एकतीस वर्षं एकच हालचाल. ती पायाकडे असं बघत होती जसं धोंडीबा जुन्या गाडीकडे बघतो. व्यायाम दिलेत, भिंतीला टेकून करायचे.

घरात सगळे कामाला लागलेत. कलावतीनं आधी खूप तोंड वाजवलं. "साठीचा माणूस सुनेच्या मागे पळतोय, बिल्डिंगमधल्या बायका विचारतात, सुनेनं काय नेलंय तुमचं?" आता तीच रविवारी गेटपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते, फोनमध्ये वेळ लावते, आणि मी उशिरा आलो की आधी वेळ सांगते, मग पाणी देते. नाचणीची आंबील करते. सर्वेश स्कूटरवरून पाणी घेऊन मागे येतो. त्याला पळण्यात काही रस नाही. पण त्या बाइकवाल्यांनंतर बायकोला "बंद कर" म्हणाला ते त्याला लागलंय, तोंडानं कबूल करत नाही. पंधरा किलोमीटर गेलो त्या दिवशी त्यानं स्कूटर आडवी लावून माझा फोटो काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला. खाली लिहिलं, 'वीस वर्षं विना अपघात, आता इंजिन बदलून पुन्हा रस्त्यावर.'

तुला माहीत असेल किंवा नसेल, मला ते विना अपघाताचं सन्मानपत्र मिळालं होतं. टीव्हीच्या वर लावलंय.

स्पर्धेचा नकाशा आलाय. तलावपाळीहून निघायचं, कापूरबावडी, ढोकाळी करत थेट कोलशेत. तिथे वळायचं आणि परत. कोलशेतचं वळण तेराव्या किलोमीटरला येतं, कारण जाताना मध्ये एक वळसा आहे. शिवानी म्हणाली, "बाबा, हा तर तुमचाच रस्ता! तुम्ही खूश का नाही?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय.

झोप नीट लागत नाहीये. असं वाटतंय की आधी एकदा जाऊन बघून यावं, आपला स्टॉप तिथेच आहे का. नुसतं बघायला.

कुंडलिक

टिटवाळा
१७ नोव्हेंबर २०२४

महिपत,

मी कोलशेतला गेलेलो.

स्टॉप तिथे नाही. पन्नास पावलं पुढे सरकलाय, आणि मागे जिथे गवत होतं तिथे पंचवीस मजली बिल्डिंगा उभ्या आहेत. मी घरी सांगितलं रस्ता बघायला जातो. गेलो तेव्हा मनात खरंच तेवढंच होतं. पण तिथे उभा राहिलो आणि वाटलं, ती बाई जिवंत असेल का? असेल तर चालते का? इतकी वर्षं हा प्रश्न मला पडला नव्हता असं नाही. पडायचा आणि मी दुसरं काहीतरी करायला घ्यायचो. त्या दिवशी करायला दुसरं काही नव्हतं.

दुकानात विचारलं, मिठागरावर कामाला होत्या त्या तुळसाबाई, बसमधून पडलेल्या. दुकानदारानं हातानंच घर दाखवलं. जुनं घर पाडून तिच्या मुलानं, भिवानं, दोन मजली बांधलंय. ओटीवर ती बसली होती, काठी शेजारी. सत्तर-बहात्तरची असेल. उजवा पाय सरळ पसरलेला.

"कोन रं तू?"

मी म्हटलं, मावशी, फेब्रुवारीत इथून पळायची स्पर्धा जाणार आहे, मी भाग घेतलाय, रस्ता बघायला आलोय.

"तू पलनार? या वयात?" ती इतकी हसली की घरातून सून बाहेर आली. "बस. पानी घे. मना बी सांग, कशाला पलतंस? कोन मागं लागलंय?"

मी बसलो. ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. किती वाजता उठतोस, काय खातोस, बायको काय बोलते. मग मी धीर करून विचारलं, पायाला काय झालं?

"बशीतून परलू. उतरत व्हतू, एक पाय खाली, एक वर, आन् गारी सोरली मेल्यानं."

"बेल वाजली होती?"

का विचारलं कोण जाणे. तिनं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"नाय वाजली. मी सायबाला बी सांगितलं. पन माजं कोन ऐकतंय? बोलला, म्हातारे, गर्दीत तुला नाय ऐकू आली." मग म्हणाली, "कंडक्टर गरीब बिचारा. तो यायचा मना बघाया. दर महिन्याला. बिस्किटाचा पुरा आनायचा. गावी जाईपर्यंत आयला."

महिपत, हे खरं आहे? तू जायचास? सस्पेंड असताना पण जायचास?

"आणि ड्रायव्हर?" मी विचारलं.

"तो कदी नाय आयला. कंडक्टरला मी विचारलं, तुजा ड्रायव्हर कसा हाय? तर बोलला, मानूस चांगला हाय."

मी पाणी संपवलं आणि उठलो. मी कोण ते सांगितलं नाही. जिभेवर आलेलं. ती म्हणाली, "शर्यतीच्या दिसी मी बसंन बाहेर खुर्ची टाकून. हात दाव मना." मी हो म्हटलं आणि रस्त्यापर्यंत इतका भरभर चालत आलो की रिक्षावाला थांबला, त्याला वाटलं गडबडीत आहे.

तू तिला असं का सांगितलंस? मला हे कळत नाही. मी फिरून फिरून विचार करतो आणि कळत नाही.

कुंडलिक

टिटवाळा
८ डिसेंबर २०२४

महिपत,

हे लिहायला अकरा वर्षं लागली, तर आता आडवळणानं लिहीत नाही.

१९ नोव्हेंबर २०१३, दुपारी सव्वाला मी बेल ऐकली नव्हती. तू बेल दिलीच नव्हतीस. मागून एक टेम्पोवाला सारखा हॉर्न मारत होता. मी आरशात बघितलं, दरवाज्यात मला कोणी दिसलं नाही, वाटलं झालं असेल सगळ्यांचं उतरून, आणि क्लच सोडला. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, डबल बेल ऐकलीस? मी म्हटलं, हो. त्या एका शब्दाआधी मी थांबलो होतो, तुला आठवत असेल. तू माझ्याकडे बघत होतास. माझं रेकॉर्ड कोरं होतं, तुझ्यावर प्रवाशांशी भांडल्याच्या दोन तक्रारी होत्या. कोणाचं ऐकतील ते मला माहीत होतं. तू पाच महिने घरी बसलास, मग तुला यार्डात टाकलं, मग तू नोकरी सोडून गावी गेलास. मला सन्मानपत्र मिळालं.

मागच्या रविवारी घरात सांगितलं. नाश्ता चालला होता. शिवानीला आधी समजावून द्यावं लागलं, की कंडक्टरनं एक बेल दिली तर थांबायचं, दोन दिल्या तर निघायचं, आणि दोन दिल्याशिवाय ड्रायव्हरनं जागचं हलायचं नाही. मग बाकीचं सांगितलं.

कलावती उठून आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "मी त्या हौसाबाईंना टाळायला लागले होते. मला वाटायचं, तिच्या नवऱ्यानं चूक केली आणि ती माझ्याशी कसं बोलणार, म्हणून मीच नको बोलायला. तुम्ही मला तसं वागू दिलंत."

सर्वेशनं स्टूल घेतलं, सन्मानपत्र काढलं, बेडखाली सरकवलं आणि बाहेर निघून गेला. मी आरडाओरडा होईल असं धरलं होतं, तो बरा असता. पाण्याची स्कूटर बंद झालीय. मला ते बरोबरच वाटतं.

आणि शिवानी. ती म्हणाली, "बाबा, उद्या साडेपाचला निघायचं का?" मी म्हटलं, तुला पळावंसं वाटतंय माझ्यासोबत? ती म्हणाली, "वाटतंय की नाही ते पळताना बघू." सात किलोमीटर पळालो. परत येताना म्हणाली, "त्या आजींना सांगितलंत?"

बुधवारी गेलो. कलावती म्हणाली मी पण येणार. तुळसामावशी ओटीवरच होती. मी म्हटलं, मावशी, तो ड्रायव्हर मी.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बेलचा इचारलास तवाच वलखला. पलायला आलेला मानूस बेल कशाला इचारल?"

भिवा आतून आला आणि जे बोलायचं ते सगळं बोलला. मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. आईला तीन महिने उचलून न्यावं लागत होतं, त्याच्या बायकोचं बाळंतपण त्यातच आलं, मीठ काढणारी बाई ती, तिला नंतर कधी उकिडवं बसता आलं नाही. मी उभा राहून ऐकलं. तो थांबला तेव्हा कलावती रडत होती. तुळसामावशी म्हणाली, "झालं? आता त्याला बसू दे." आणि मला म्हणाली, "माफी बिफी मागू नको. माजा पाय काय तेनं वाकत नाय. कंडक्टरला सांगितलंस?"

म्हणून हे पत्र.

डेपोत जाऊन लेखी जबाब दिला. नवा साहेब तरुण आहे. म्हणाला, काका, फाइल केव्हाच बंद झाली, तुम्ही दोघंही नोकरीत नाही, आता याचं काय करू? म्हटलं, शिक्का मारून ठेवा. मारला. प्रत सोबत जोडलीय. त्यानं काही परत मिळणार नाही तुला, हे मला कळतं. पण कागदावर तरी तुझं नाव नीट असावं.

कुंडलिक

टिटवाळा
३ फेब्रुवारी २०२५

महिपत,

काल पळालो. पूर्ण केलं. तुला सांगायचं नाही असं ठरवलेलं, की तुला वाटेल एवढं सगळं होऊन याला आपल्या शर्यतीचंच पडलंय. पण अशी गोष्ट ज्याला सांगावीशी वाटते तो माणूस तूच आहेस, त्याला मी काय करू?

सहाला सुटलं. अंधार नुकता फिकट होत होता. माझ्या वयाचे बरेच होते, एक तर पंच्याहत्तरचे, धोतर नेसलेले. मी त्यांना विचारलं, किती वर्षं पळताय? म्हणाले, "पहिल्यांदाच. नातवाशी पैज लागलीय." मला इतकं बरं वाटलं.

शिवानी माझ्या चालीनं पळत होती. ती माझ्यापेक्षा खूप पुढे जाऊ शकते. नऊ किलोमीटरला मी म्हटलं, जा तू, तुझी वेळ बघ. ती नको म्हणाली. मी म्हटलं, अगं, सोबतीला मी आलो होतो ना? आता मला बघू दे एकट्याला जमतं का. ती गेली. वळून वळून बघत होती, दिसेनाशी होईपर्यंत.

कापूरबावडीच्या अलीकडे चढ आहे, महिपत. चांगला लांब आहे. तू तिथे दांडा का धरायचास ते कळलं.

ढोकाळीपर्यंत बरा होतो. कोलशेतला तुळसामावशी खरंच खुर्ची टाकून बसली होती, रस्त्याच्या अगदी कडेला. भिवा बाजूला उभा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, पण टेबलावर पाण्याचे ग्लास त्यानंच मांडले होते, येईल त्या सगळ्यांसाठी. मावशीच्या मुठीत खडेमीठ. माझा हात धरून तळव्यावर ठेवलं. "चाट. घाम जातंय तुजा." मी थांबून चाटलं. ती म्हणाली, "आज मी खाली उतरून बसलंय. सोर गारी."

मी निघालो. शंभर पावलांवर मला रडू आलं, आणि पळता पळता रडता येत नाही हे तेव्हा कळलं. श्वास पुरत नाही. एकच काहीतरी करता येतं. मी पळणं धरलं.

सतराव्याला डावा पाय गेला. पोटरीत असा गोळा आला की मी दुभाजकाला धरून उभा. माणसं बाजूनं जात होती. एक मुलगी म्हणाली, अंकल, चाला, थांबू नका. मला पाऊलच टाकता येईना. मनात आलं, सोडून द्यावं. कोणाला काय सिद्ध करायचंय? तेवढ्यात कोणीतरी खाली बसून माझी पोटरी दाबायला लागलं. सर्वेश. ऑफिसचे सँडल, घरातलाच टीशर्ट. दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलणारा मुलगा.

"कुठे दुखतंय?"

"इथेच. तू कसा आलास?"

"आईनं पाठवलं." मग पोटरी दाबता दाबता, "नाही. मीच आलो."

उठवलं त्यानं मला. आम्ही चालत निघालो. एक किलोमीटर तरी तो माझ्यासोबत त्या सँडलमध्ये चालला.

"बाबा, काकांचं उत्तर आलं?"

"नाही."

"किती पत्रं लिहिलीत?"

"चार."

"आणि नाहीच आलं तर?"

"तर लिहीन की. पण मी जाऊन यावं असं वाटतंय. त्याला बघायला."

तो पायाकडे बघत म्हणाला, "मला ते महिपतकाका आठवतात. मी लहान असताना तुमच्या गाडीत बसायचो, तर ते मला तिकिटं फाडायला द्यायचे. ते गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, त्याला कंटाळा आला. मी विश्वास ठेवला होता." मी म्हटलं, हो. "आता तुमचं काय खरं धरायचं, तेच कळत नाही मला," तो म्हणाला. तरी त्यानं माझा दंड सोडला नाही. अठराव्याच्या पाटीपाशी म्हणाला, "आता पळा. वेळ आहे अजून."

तीन तास एकोणीस मिनिटं. साडेतीन तासांची मुदत होती, अकरा मिनिटं उरली होती. शिवानी शेवटच्या वळणावर येऊन थांबलेली, ओरडत होती, मला काही ऐकू येत नव्हतं. कलावतीनं फोनमध्ये वेळ लावलेलीच होती. मला म्हणाली, "उशीर झाला," आणि मला धरून उभी राहिली. सगळ्या लोकांसमोर. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

आज जिना उतरता येत नाहीये. उलटा उतरतो, लहान मुलासारखा. बिल्डिंगमधले बघतात.

महिपत, मी आलो तर दार उघडशील? नको असेल तर पोस्टकार्डावर नको एवढंच लिही, पत्रं पण बंद करीन. मला तुझ्याकडून काही ऐकायचं नाही. विचारायचं मात्र एक आहे, तिला तू माझ्याबद्दल चांगलं का बोललास?

कुंडलिक

मु. पो. वांजोळे, ता. पाटण
१६ फेब्रुवारी २०२५

कुंडलिक,

पाचही पत्रं मिळाली. पहिली तीन वाचून ठेवून दिली. चौथं वाचून आठ दिवस शेतावरच राहिलो.

तुळसाबाईकडे मी जायचो ते चांगुलपणा म्हणून नाही. बेल वाजली नव्हती हे जगात तीन माणसांना माहीत होतं. एक तू, एक मी, एक ती. तुझ्याकडे येण्यासारखं राहिलं नव्हतं. कोणीतरी मला खरा मानतंय हे बघायला मी महिन्यातून एकदा तिच्या ओटीवर जाऊन बसायचो. तुझ्याबद्दल चांगलं बोललो, कारण वाईट बोललो असतो तर तिला वाटलं असतं की मी माझी बाजू सांगायला येतो. मग तिचा विश्वासही गेला असता. तुला वाटत असेल तसं त्यात काही मोठं नाही.

तुझा जबाब वाचला. शिक्का बघितला. अकरा वर्षांपूर्वी त्या कागदासाठी मी काय दिलं असतं ते तुला कळणार नाही. आता मी तो दोनदा घडी घालून ठेवलाय आणि कोणाला दाखवावा हा प्रश्न आहे.

कारण घरात कोणी मानत नाही. चौकशीच्या दिवशी संध्याकाळी मी हौसाला सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. ती म्हणाली, "कुंडलिकभावजी खोटं बोलायचे नाहीत. तुमचंच लक्ष नसेल." तिचा तुझ्यावर तेवढा विश्वास होता. मी भांडलो, ओरडलो, एकदा हातातला तांब्या भिंतीवर मारला. ती ऐकून घ्यायची आणि कामाला लागायची. गेली काही वर्षं मी बोलणं सोडून दिलंय. पण तिच्या मनात तेच आहे, की नवऱ्यानं एका बाईचा पाय घालवला आणि दुसऱ्यावर ढकललं. एका ताटात जेवतो आम्ही, आणि हे मध्ये असतं. कागद दाखवला तर म्हणेल, कुठून लिहून आणलात?

तेव्हा तू ये. माझ्यासाठी येऊ नको. माझं आणि तुझं काय ते मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तू एकवीस किलोमीटर पळालास म्हणून ते लवकर ठरेल असंही नाही. तिच्यासमोर बसून तिला सांग. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

पाटणहून सकाळी दहाची गाडी आहे, आमच्या फाट्यावर अकराला येते. घ्यायला मी येणार नाही, घर विचारत ये. हौसाला मी एवढंच सांगितलंय, की एक पाहुणा येणार आहे, आणि त्याला जेवायला ठेवायचं की नाही ते त्याचं बोलणं ऐकून तू ठरव.

महिपत